दोन्ही चिठ्ठ्यांना कान

धुळाजीनं पाईप उचलला तेव्हा त्याला फक्त मोटार बंद करायची होती. निदान स्वतःला त्यानं तसं सांगितलं होतं. पण बन्सी स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "आज लाइट उशिरा आलीय, दादा. माझी पाळी अजून सरली न्हाई."

पाळी हा शब्द कानावर पडला आणि धुळाजीचा हात वर गेला.

तीन हात लांबीचा लोखंडी पाईप बन्सीच्या डाव्या कानाच्या वर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. पिकला भोपळा हातातून निसटून ओट्यावर पडावा, तेवढाच. बन्सी लगेच पडलाही नाही. त्यानं भावाकडं पाहिलं, काही विचारायचं असल्यासारखे ओठ हलवले आणि गुडघ्यात मोडून विहिरीच्या कठड्यावर कोसळला. कठड्याच्या धारेनं कपाळ फुटलं. हा दुसरा घाव देवानं घातला, असं धुळाजी पुढं पुष्कळदा मनाशी म्हणाला. पहिला कुणी घातला, ते त्याला आणि विहिरीला ठाऊक होतं.

त्याच वेळी फाट्यावर सव्वाआठच्या एसटीनं नेकनूरकडं वळताना हॉर्न दिला.

दोघं सख्खे भाऊ. बारा वर्षांपूर्वी वेगळे निघाले तेव्हा गावच्या रिवाजाप्रमाणं शेताच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एका चिठ्ठीवर विहिरीची बाजू, दुसरीवर माळाची. मारुतीच्या पारावर म्हाताऱ्या धर्मराज गुरुजींनी त्या लिहिल्या, दोघा भावांच्या हातात वाचायला दिल्या, मग घड्या घालून तांब्यात टाकल्या. थोरल्याची चिठ्ठी आधी निघते, आणि ती लहान लेकरानं काढायची असते, कारण लेकराच्या हाताला पाप नसतं. धुळाजीची चैताली तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं तांब्यात हात घातला आणि माळ काढला. विहीर बन्सीकडं गेली, धुळाजीला आठवड्यातून दोन दिवस पाण्याची पाळी मिळाली.

तेव्हापासून दोन घरांत धड एक महिना शांततेत गेला नव्हता. बन्सीच्या बैलाचं शिंग एका सकाळी तुटलेलं सापडलं. दुसऱ्या वर्षी फळं धरलेली त्याची तेरा सीताफळाची झाडं कुणीतरी कुऱ्हाडीनं बुडापासून तोडली. कुणी तोडली, ते साऱ्या वस्तीला कळलं होतं. बन्सीनं फिर्याद केली नाही. त्याचं हे गप्प राहणंच धुळाजीला जास्त जाळायचं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून गप बसतो बेणं, असं तो बायकोला म्हणायचा.

आता बन्सी खरोखरच गप्प झाला होता. नाकातून, कानातून रक्त येत होतं. धुळाजीनं छातीवर हात ठेवला, पण हाताखाली काही कळेना. मेला, असं तो धरून चालला. मग त्यानं भावाचे दोन्ही पाय धरले आणि कठड्याच्या उघड्या बाजूकडं ओढायला सुरुवात केली. पाय घसरून विहिरीत पडला, एवढं म्हटलं की झालं. सहा हात ओढायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. दोनदा तो थांबला. शेवटी बन्सीचं डोकं पाण्यावर लोंबकळलं तेव्हा बन्सी कण्हला.

धुळाजीनं पाय सोडले नाहीत. बन्सीला मागं ओढून घेतलं. पण हाकही मारली नाही. तिथंच बसून राहिला.

सव्वानऊला चैताली भाकरी घेऊन आली तेव्हा पाईप धुऊन ठेवलेला होता. कोरड्या मातीत त्याच्याभोवती ओल पसरली होती. तिनं ती ओल पाहिली.

"घसरला गं नाना," धुळाजी म्हणाला. "आत्ताच घसरला."

चैतालीनं भाकरीचं फडकं सोडून चुलत्याच्या डोक्याला गुंडाळलं आणि फोन लावला.

नेकनूरच्या दवाखान्यात पट्टी बांधून पुढं पाठवलं. अँब्युलन्स केज मागं टाकून धावत होती आणि बन्सीला आचके येत होते. एका आचक्यात त्याचा हात उसळून धुळाजीच्या तोंडावर बसला. ओठ फुटला. धुळाजीनं रक्त पुसलं नाही. केजला तहसीलात कामासाठी गेलेल्या बन्सीच्या बायकोला, सिंधुबाईला, चैतालीनं वाटेतूनच कळवलं. ती भावाला घेऊन मागोमाग निघाली.

अँब्युलन्स पोचली ते मोठं दवाखान्याचं कॉलेज होतं. तिथं रोग्यांवर उपचार होतात, पोरं डॉक्टर व्हायला शिकतात, आणि तिसरंही एक काम चालतं, जे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. कोणतं औषध खरंच उपयोगी पडतं आणि कोणतं नुसतं पडतं असं वाटतं, हे तिथं पारखून पाहतात. साप चावलेल्यांच्या वॉर्डात एक अभ्यास, बाळंतिणींच्या वॉर्डात दुसरा, हृदयाच्या विभागात तिसरा. डोक्याला मार लागलेल्यांच्या अभ्यासाचं काम उज्ज्वला नावाची सिस्टर पाहायची. चाळिशीची, सावळी, बोलताना घाई न करणारी बाई. समोरच्याला कळेपर्यंत तीच गोष्ट तीन वेळा सांगायची तिची तयारी असे.

बन्सीच्या डोक्याचा फोटो काढून झाला. कवटीच्या आत रक्त साचत होतं. ऑपरेशनची तयारी सुरू झाली, आणि तेवढ्या वेळात उज्ज्वलानं धुळाजीला आणि चैतालीला बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"सख्खा भाऊ. थोरला."

"त्यांना शुद्ध नाही, म्हणून तुम्हाला विचारते, काका. ऑपरेशन आणि नेहमीचे सगळे उपचार होणारच आहेत. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, त्यात फरक पडत नाही. आमच्याकडं एका औषधाचा अभ्यास चालू आहे. डोक्यातला रक्तस्राव त्यानं थांबतो का, ते पाहायचंय. पण मार लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर तेच औषध उलटू शकतं. मार किती वाजता लागला?"

"सव्वानऊला," धुळाजी म्हणाला.

चैतालीनं मान वर केली.

"नक्की? नेकनूरच्या कागदावर वेळ लिहिलेली नाही."

"मी तितंच होतो ना. सव्वानऊला घसरला."

त्यानं मनात हिशेब केला होता. सव्वानऊ म्हटलं की मधला तास कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. त्या तासात काय झालं, ते कुणी विचारत नाही.

उज्ज्वलानं सव्वानऊ लिहिलं. "म्हणजे सव्वाबारापर्यंत देता येईल. आता नीट ऐका. निम्म्या रोग्यांना ते औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय, ते आम्ही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं असतं."

हा शब्द ती रोज वापरायची. खेड्यातल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा तो लवकर कळायचा. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, म्हणजे नशिबाचा खेळ म्हणा की. आजवर त्या शब्दानं कुणाचं डोकं फिरलं नव्हतं.

"काय टाकल्यासारखं?" धुळाजीनं विचारलं.

"चिठ्ठी. शेताच्या वाटणीत टाकतात ना, तशी."

धुळाजी उठला. टेबल ढकललं गेलं, पेन खाली पडलं. "माझ्या भावाच्या जिवावर चिठ्ठ्या टाकता?"

"काका, बसा. नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. इथं सही करू नका, विषय संपला."

"नको कोण म्हणतंय बे?" बाईमाणसाला बे म्हणतोय, एवढंही त्याच्या ध्यानात आलं नाही. "औषध पाहिजे. पाणी न्हाई, औषध. कशात हाय ते काढून दे."

"ते मला माहीत नाही."

"चिठ्ठी टाकणाऱ्याला समदं माहीत असतं. मला नको शिकवू."

त्यानं तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. उज्ज्वला कपाटावर आदळली. काच तडकली. कपाटात एकसारखी पांढरी खोकी रांगेनं लावलेली होती, प्रत्येकावर फक्त आकडा. टेबलावर पट्टी कापायची कात्री होती. ती धुळाजीच्या हातात कधी आली, त्याला कळलं नाही. तिचं टोक उज्ज्वलाच्या गळ्याखाली टेकलं आणि तिथं रक्ताचा एक थेंब उभा राहिला.

"आबा," चैताली ओरडली नाही, कुजबुजली.

"खरं खोकं कोणतं?"

"मारून टाकलंत तरी सांगता येणार नाही," उज्ज्वला म्हणाली. शब्द ती एकेक करून नीट ठेवत होती, रोज ठेवायची तसेच. "मला ठाऊक नाही. डॉक्टरांना ठाऊक नाही. दूरच्या गावी एक कुलूपबंद यादी आहे, तिच्यात आहे. रांगेतलं पुढचं खोकं उचलायचं, बस. कुणाचा हात नाही त्यात."

"का? कावून असं?"

"माहीत असलं की माणसाचा हात वळतो. आपल्याला चांगलं, दुसऱ्याला उरलेलं. मग खरं काय ते कधीच कळत नाही."

धुळाजीनं तिला ढकलून दिलं आणि कपाटात हात घातला. फुटक्या काचेनं मनगट चिरलं. दोन खोकी त्यानं बाहेर ओढली, फाडली. आतून दोन बाटल्या निघाल्या. पाणी पाण्यासारखं. उजेडात धरली, हलवली, नाकाला लावली. काही फरक नाही. मग तो पुन्हा खोक्यांकडं वळला आणि रक्ताळलेल्या अंगठ्यानं त्यांचे कोपरे चाचपू लागला. आधी एकाचे चारी कोपरे, मग दुसऱ्याचे. पुन्हा पहिल्याचे.

चैताली त्या अंगठ्याकडं बघत होती.

"काय शोधताय आबा? कान?"

अंगठा थांबला.

हा शब्द त्या घरात बारा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. वाटणीच्या दिवशी पाराकडं जाताना धुळाजीनं तिला खांद्यावर घेतलं होतं आणि वाटेत एक खेळ शिकवला होता. तांब्यात दोन चिठ्ठ्या असतील बरं का बाळा. एकीला सशाचा कान असेल. हातानं चाचपायचं, कान लागला की तीच उचलायची. कुणाला सांगायचं न्हाई. गुरुजींनी वाचायला दिलेल्या चिठ्ठ्यांतल्या विहिरीच्या चिठ्ठीचा कोपरा त्यानं नखानं दुमडला होता आणि चिठ्ठ्या बन्सीच्या हातात दिल्या होत्या. तरी लेकीनं माळ काढला. ती काही सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात त्यानं पारावरच, साऱ्या गावादेखत, तिच्या तोंडात अशी लगावली की तिचे दोन दुधाचे दात मारुतीच्या पायरीवर पडले.

"त्या दिवशी दोन्हीला होते," चैताली म्हणाली.

"काय?"

"दोन्ही चिठ्ठ्यांना कान होते. मी तेच सांगत होते. तुमी मारलं."

धुळाजी उभा होता तो खुर्चीवर बसला. त्याच्यानंतर, गुरुजींनी घड्या घालण्याआधी, चिठ्ठ्या फक्त एकाच माणसाच्या हातात गेल्या होत्या. त्या माणसानं कोपरा पाहिला होता. भावाची लबाडी ओळखली होती. त्याला तिथंच सगळ्यांदेखत उघडं पाडता आलं असतं, किंवा कान सरळ करून टाकता आला असता. त्यानं दुसऱ्या चिठ्ठीलाही तसाच कान केला, दोन्ही सारख्या केल्या आणि गुरुजींकडं दिल्या. कुणाचा हात वळायला नको म्हणून. मग बारा वर्षं तो गप्प राहिला. शिंग तुटलं तरी, झाडं पडली तरी.

दाराशी दोन सुरक्षा रक्षक आले होते. उज्ज्वलानं गळ्याला रुमाल धरला होता आणि दुसऱ्या हातानं तिनं त्यांना थांबवलं.

"एकच विचारते, काका. मग न्या यांना. मार खरंच सव्वानऊला लागला का?"

धुळाजीनं तोंड उघडलं. त्याच क्षणी रक्षकांना ढकलून सिंधुबाईचा भाऊ तानाजी आत घुसला. मागं सिंधुबाई. तिच्या पायात चप्पल नव्हती. गावातून फोन तिच्यापर्यंत आधीच पोचले होते. ओल्या पाईपाची गोष्ट वस्तीवर पोचायला वेळ लागत नाही.

"घसरला काय रे?" तानाजी म्हणाला आणि त्यानं धुळाजीच्या तोंडावर बुक्की मारली. अँब्युलन्समध्ये फुटलेला ओठ पुन्हा फाटला. "घसरला? इहिरीवर? तुझ्या बापाची इहीर हाय का ती?"

खुर्ची उलटली. तानाजी त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि रक्षक त्याला ओढत होते. धुळाजीनं हात वर केला नाही. त्याचा हात मोकळा होता, कात्री दोन हातांवर पडलेली होती.

"सव्वाआठ," तो म्हणाला.

लाथ बसली.

"सव्वाआठची यस्टी वाजली तवा. मीच मारलं. पायपानं." त्याला धाप लागत होती. "सव्वानऊ न्हाई, मॅडम. ते खोडा. तासभर तितंच बसलोतो. इहिरीत टाकणार होतो त्याला. पाय धरून वढलं. मग कण्हला."

तानाजी थांबला. सिंधुबाई पुढं आली, खाली वाकली आणि दिराच्या तोंडावर थुंकली. तेवढं करून ती भिंतीला टेकून बसली.

उज्ज्वलानं घड्याळाकडं पाहिलं. अकरा पस्तीस. सव्वाआठपासून तीन तास उलटून गेले होते. तिनं कागदावरचं सव्वानऊ एका रेघेनं खोडलं, बाजूला सव्वाआठ लिहून सही केली, आणि खाली लिहिलं की हा रोगी अभ्यासात घेता येत नाही. मग धावत जाऊन ऑपरेशनच्या दाराशी वेळ सांगितली. मार इतका जुना असेल तर डॉक्टरांना पुढचं वेगळं पाहावं लागणार होतं. बाहेर आली आणि तिथंच पायरीवर बसली. चैतालीनं तिला पाणी आणून दिलं.

"सिस्टर, नानाला औषध न्हाई मिळालं."

"नाही मिळालं तेच बरं झालं, बाळ. आज ते त्यांना विष ठरलं असतं कदाचित."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. त्या वेळात पोलिसांनी धुळाजीला नेलं. जाताना दवाखान्याच्या फाटकात तानाजीच्या बरोबरच्या पोरांनी त्याला पुन्हा गाठलं आणि हवालदार मध्ये पडेपर्यंत त्याचा एक हात मोडला. पाईप उचलला होता तोच.

नऊ दिवसांनी चैताली कोठडीत भेटायला आली. डबा खाली ठेवून गजांपाशी उभी राहिली. तिनं हात गजांवर ठेवला नाही.

"नाना बोलायला लागला," ती म्हणाली. "उजवी बाजू हालत न्हाई. शब्द निवडावे लागतात त्याला, पण बोलतो."

धुळाजीनं मान हलवली. प्लास्टरमधला हात मांडीवर होता.

"काल जबाब घ्यायला पोलीस आलते. विचारलं, कुणी मारलं. काकू म्हणाली, सांगा. तानाजीमामा म्हणाला, सांगा."

"मंग?"

"म्हणाला, घसरलो."

बाहेर हवालदार मोबाइलवर कुणाशी तरी मांजरसुंब्याच्या धाब्यावरच्या जेवणाचं ठरवत होता.

"दोनदा विचारलं त्यांनी," चैताली म्हणाली. "दोनदा तेच म्हणाला. वकील म्हणतोय, आता तुमी पण तेच म्हणा. दोघांचं सारखं झालं की नानाच्या केसमधून सुटाल."

दोघांचं सारखं. धुळाजीनं डाव्या हाताच्या अंगठ्याकडं पाहिलं. नखाखाली अजून काळं रक्त होतं, कुणाचं ते आता सांगता आलं नसतं. बन्सीनं पुन्हा एकदा दुसरा कान दुमडून ठेवला होता. नुसतं उचलायचं बाकी होतं.

"तुझे दात," तो म्हणाला. "त्या दिवशी पडले, ते लई दुखले असतील."

चैतालीनं डबा गजांखालून आत सरकवला. पण ती गेली नाही.

धुळाजी भिंतीचा आधार घेत उठला. बरगड्यांतून कळ आली, ती त्यानं दात चावून सोसली.

"साहेब," त्यानं हवालदाराला हाक मारली. "फोन ठेवा जरा. भावानं जबाब चुकीचा दिलाय. माझा परत लिवून घ्या. वेळ टाका आदी. सव्वाआठ."